वैयक्तिक ब्लॉग: वाचणारा थेट आतल्या खोलीत येतो

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी विचारलं आहे: “दोन वर्षांपासून ब्लॉग लिहितोय, साठेक लेख झाले. तीनदा थीम (ब्लॉगचा तयार साचा) बदलली, वर रंकाळा तलावाचा मोठा फोटो लावला. तरी लोक एक लेख उघडतात आणि निघून जातात. चांगल्या मांडणीचा, वाचावासा वाटणारा वैयक्तिक ब्लॉग नेमका कशाने होतो? एक जण नव्या डिझाइनचे बारा हजार सांगतोय. ते घालावेत का?”

पैशांचं शेवटी सांगते. आधी मी कुठून बोलतेय ते सांगायला हवं. १९९६ साली महाद्वार रोडजवळच्या एका छापखान्यात मी डीटीपी ऑपरेटर म्हणून लागले. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, एक-दोन दिवाळी अंक लावले. गेली वीस वर्षं वेबसाइट करते. त्यात वैयक्तिक ब्लॉग तीसेक असतील: डॉक्टरांचे, शिक्षकांचे, एका गुऱ्हाळवाल्या काकांचा, एका गृहिणीचा. तुम्ही ब्लॉगचा पत्ता दिला होता, म्हणून उत्तर लिहायच्या आधी तो दोन दिवस बसून वाचला. संगणकावर नाही, फोनवर.

तिन्ही वेळा तुम्ही मुखपृष्ठ बदललंत. पण मुखपृष्ठ बघतं कोण? तुमच्या लेखाची लिंक कुणीतरी शाळेच्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतं, एखादी बाई केएमटीच्या बसमध्ये बसल्या बसल्या ती उघडते. ती तुमच्या घराच्या दारातून येतच नाही, थेट आतल्या खोलीत येते. तिला तुमचं नाव माहीत नसतं, हा ब्लॉग कशाबद्दल आहे ते माहीत नसतं, आणि तिचा स्टॉप आठ मिनिटांवर असतो. ब्लॉगच्या मांडणीचा सगळा विचार त्या एका पानापासून सुरू करायचा असतो. मुखपृष्ठ अगदी साधं राहिलं तरी चालतं.

त्या बाईला तुमच्या पानावर काय दिसतं ते मी मोजलं. आधी रंकाळ्याचा फोटो, पूर्ण स्क्रीनभर. मग नऊ शब्दांचा मेन्यू, दोन ओळींत तुटलेला. मग शेअर करायची पाच बटणं. मग शीर्षक: “आठवणी – भाग ७”. मग “नमस्कार मित्रांनो, आज बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे”. आणि त्यानंतर आयुष्य किती धावपळीचं झालंय यावर दोन परिच्छेद. लेखातलं पहिलं खरं वाक्य यायला मला चार वेळा बोट वर सरकवावं लागलं. ते वाक्य मात्र असं होतं: “सोनं तारण ठेवायला आलेली बाई बांगडी काढून देण्याआधी एकदा पदराने पुसायची.”

हे वाचून मी थांबले आणि पुढचा सगळा लेख वाचला. तुमच्या साठ लेखांत अशी वाक्यं भरपूर आहेत, साहेब. ती शोधावी लागतात, एवढीच अडचण आहे. वरचा फोटो काढून टाका, किंवा बोटभर उंचीची पट्टी करा. मेन्यूत तीन शब्द पुरेत. शेअरची बटणं काढाच, ज्याला लिंक पाठवायची आहे तो फोनमधूनच पाठवतो. आणि लेख बांगडीवर सुरू करा.

आता अक्षरांकडे येते. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण मराठी ब्लॉग बिघडतात ते सर्वांत आधी इथे, आणि यावर कुणी बोलत नाही. बाजारातल्या बहुतेक थीम रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या असतात. रोमन अक्षराच्या डोक्यावर आणि पायाखाली फारसं काही नसतं. आपल्याला वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय. त्या सगळ्याला जागा हवी. सोळा पिक्सेलचं रोमन अक्षर छान वाचता येतं, पण त्याच मापाचं देवनागरी बारीक वाटतं, कारण त्या मापातली बरीच उंची मात्रा-उकारांसाठी राखलेली असते. म्हणून मी मराठी मजकुराला फोनवर अठरा पिक्सेलच्या खाली जात नाही, संगणकावर एकोणीस-वीस. ओळींमधलं अंतर अक्षराच्या मापाच्या पावणेदोन पट. तुमच्या थीममध्ये ते दीडपटीपेक्षा कमी आहे, म्हणून वरच्या ओळीतल्या “कृ”चा पाय खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो. वाचणाऱ्याला ते शब्दांत सांगता येत नाही, त्याला फक्त कंटाळा येतो.

दुसरी गोष्ट तुमच्या शीर्षकांची. थीममध्ये शीर्षकाच्या अक्षरांत थोडं अंतर सोडायची सेटिंग चालू आहे. रोमन लिपीत ते रुबाबदार दिसतं. देवनागरीत त्याने शिरोरेघ तुटते, आणि “रंकाळा” हा शब्द “रं का ळा” होऊन समोर येतो. फोन डोळ्यांजवळ नेऊन बघा, प्रत्येक अक्षराच्या डोक्यावरची रेघ सुटी झालेली दिसेल. छापखान्यात आमचे फोरमन अशी तुटकी रेघ दिसली की पान परत पाठवायचे. ते अंतर शून्य करा. एका आकड्याचं काम आहे आणि सगळा ब्लॉग बदललेला दिसेल.

तिरप्या अक्षरांचंही तेच. देवनागरीत इटॅलिकची परंपरा नाही, ब्राउझर बहुधा उभं अक्षर नुसतं ढकलून वाकवतो. जोर द्यायचा असेल तर ठळक करा, तेही दोन-तीन शब्दच, कारण लहान मापात ठळक “द्ध” आणि “क्ष” आतून भरून येतात. लिंकच्या खाली येणारी रेघही तपासा. ती उकारांना कापत जाते, “पूल” आणि “कुस्ती” वाचता येत नाही. रेघ थोडी खाली सरकवायची सोय आता सगळ्या ब्राउझरांत आहे.

फॉन्टसाठी पैसे लागत नाहीत. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्ता मोफत आहे आणि फोनवर फार स्वच्छ दिसतो. लांब लेखांना मला तिरो देवनागरी मराठी आवडतो, त्याच्यात जुन्या छापील पुस्तकाची चव आहे. राज्य मराठी विकास संस्थेने करून घेतलेला यशोमुद्राही बघा. एक फॉन्ट मजकुराला, हवा तर दुसरा शीर्षकाला, बस. आणि पानाची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये नोंदवून घ्या. तुमच्या ब्लॉगवर ती इंग्रजी नोंदलेली आहे. काही फॉन्टांत हिंदी वळणाचा दंडाचा ल आणि मराठी वळणाचा पाकळीचा ल असे दोन्ही असतात, आणि भाषा मराठी नोंदवली की फॉन्ट आपोआप आपला ल आणि आपला देठाचा श लावतो. २००९ च्या शासन निर्णयातही हीच वळणं मराठीसाठी धरली आहेत. शिवाय अंध वाचकाचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर याच नोंदीवरून कोणत्या आवाजात वाचायचं ते ठरवतं.

ओळी दोन्ही बाजूंनी सारख्या करायचा मोह होतो, कारण वर्तमानपत्रात तसं असतं. फोनवर करू नका. आपले शब्द विभक्त्या आणि शब्दयोगी अव्ययं चिकटून लांब होतात. “महानगरपालिकेसमोरच्या” हा एक शब्द जवळजवळ अख्खी ओळ खातो, आणि उरलेल्या दोन शब्दांमध्ये खिंड पडते. डावीकडून सरळ, उजवीकडे जशा संपतील तशा ओळी सोडा.

आणि “दुसऱ्या”, “ऱ्हास” यांतला ऱ नीट टाइप करा. तुमच्या काही लेखांत तो “दुसर्या” असा उमटलाय. वाचणाऱ्याला खटकतं ते एक, आणि शोधायला जाल तेव्हा तो लेख सापडत नाही ते दुसरं.

रंगांबद्दल फार बोलायची गरज नाही. पांढऱ्यावर किंवा किंचित पिवळसर कागदी रंगावर गडद काळं अक्षर ठेवा. तुमचं अक्षर राखाडी आहे. वेब सर्वांना वापरता यावं यासाठीचे जागतिक निकष साध्या मजकुराला अक्षर आणि पार्श्वभूमीत किमान ४.५ ला १ एवढा फरक मागतात. आकडा तपासणारी साधनं फुकट मिळतात, पण माझी स्वतःची कसोटी वेगळी आहे. कुठलंही काम द्यायच्या आधी मी एप्रिल-मेच्या दुपारी बारा वाजता फोन घेऊन उन्हात उभी राहते आणि एक पूर्ण लेख वाचते. गेल्या उन्हाळ्यात रंकाळ्याच्या कठड्यापाशी तुमच्यासारखंच राखाडी अक्षर घेऊन उभी होते. दुसऱ्या परिच्छेदाला डोळ्यांत पाणी आलं. घरी येऊन रंग बदलला.

फोटो: तुमच्या पन्हाळ्याच्या लेखात आठ फोटो आहेत आणि ते फोनमधून निघाले तसेच चढवलेत, एकेक तीन-चार एमबीचा. म्हणजे एक लेख वाचायला तीस एमबी. गगनबावड्याच्या घाटात ज्याला एक काडी रेंज आहे त्याच्याकडे तो उघडणारच नाही. रुंदी बाराशे ते सोळाशे पिक्सेल करा, वेबपी (WebP) या फाइल प्रकारात जतन करा, प्रत्येक फोटो दोनशे केबीच्या आसपास बसतो. आठ फोटोंपेक्षा दोन बरे, आणि प्रत्येकाखाली एक ओळ अशी द्या जी फोटोत दिसत नाही. “तीन दरवाजा, पन्हाळा” हे दिसतंच. “इथे उभं राहून वडिलांनी मला नोकरी लागल्याची तार वाचून दाखवली” हे तुम्हीच सांगू शकता.

एवढं केलं की पान वाचता येईल. वाचावंसं वाटेल का, हा पुढचा भाग. तो थीमच्या सेटिंगमध्ये सापडत नाही.

गुऱ्हाळवाल्या काकांचं सांगते. करवीर तालुक्यातलं गाव, तीन पिढ्यांचं गुऱ्हाळ. त्यांच्या नातवाने हट्टाने ब्लॉग करायचं ठरवलं आणि काका वहीत लिहून घेऊन आले. पहिलं वाक्य होतं: “गूळ हा आरोग्यास अत्यंत उपयुक्त असून त्यात लोहाचे प्रमाण भरपूर असते.” हे वाक्य कुणीही, कुठेही बसून लिहू शकतो. मी वही बाजूला ठेवली आणि विचारलं, “काका, काहील कधी उतरवायची हे कसं कळतं?”

काहील म्हणजे रस आटवायची मोठी कढई. काका पंधरा मिनिटं बोलत होते. रस उकळायला लागला की भेंडीचा रस घालतात, त्याने मळी वर येते, ती काढत राहायची. मग बुडबुडे बदलतात, आधी बारीक आणि भरभर, नंतर मोठे आणि आळशी. वासही बदलतो. त्यांचा गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, वाटीत गार पाणी घेऊन बसायचा, त्यात थेंब सोडायचा आणि दोन बोटांनी गोळी वळायचा. गोळी बोटांत पसरली तर अजून वेळ आहे. वळली आणि टिकली तर ओरडायचा, आणि चौघे जण काहील वाफ्यात, म्हणजे गूळ गार करायच्या खोलगट जागेत, ओतायला धावायचे. एखादं मिनिट उशीर झाला की ढेपेचा रंग गेला आणि व्यापाऱ्याने भाव पाडला. काका म्हणाले, “पर ताई, ह्ये तर समद्यास्नी ठावं हाय, यात काय लिवायचं?”

मी ते सगळं जसंच्या तसं टाइप केलं, फक्त परिच्छेद पाडले. त्या लेखावर आजही लोक येतात.

ज्याला तुम्ही “यात काय लिहायचं” म्हणता तिथे तुमचा ब्लॉग आहे. ज्याला “यावर लिहिलं पाहिजे” म्हणता ते बहुधा इतरांनी आधीच लिहून ठेवलेलं असतं. तुमचा अंबाबाईच्या किरणोत्सवाचा लेख घ्या. नोव्हेंबरमध्ये ९, १०, ११ आणि मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, मग वर वर. ही माहिती दरवर्षी प्रत्येक वर्तमानपत्रात येते, आणि तुमचा लेख तेवढ्यावरच संपतो. पण तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंय की तुमच्या आई त्या दिवशी संध्याकाळी घरातला दिवा लावायला मुद्दाम उशीर करायच्या. का करायच्या? काय म्हणायच्या? शेजारच्या बायकाही करायच्या का? तो लेख मला वाचायचा आहे, आणि तो तुमच्याशिवाय कुणी लिहू शकत नाही.

वैयक्तिक म्हणजे सतत स्वतःबद्दल, असा समज झालाय. सोनेतारणाच्या लेखात तुम्ही स्वतः जवळजवळ नाहीच. काउंटरच्या पलीकडची बाई आहे, कसोटीवर सोनं घासणारा सोनार आहे, वजनकाटा आहे, आणि उसाचं बिल जमा झाल्यावर दागिने सोडवायला लागलेली रांग आहे. तरी तो लेख पूर्ण तुमचा आहे, कारण काउंटरच्या त्या बाजूला खुर्चीत तुम्ही बसला होता.

शीर्षकाकडे यातूनच जाता येतं. व्हॉट्सॲपवर लिंक टाकली की खाली चौकटीत शीर्षक, दोन ओळी आणि एक चित्र दिसतं. तुमच्या लेखाचं दार म्हणायचं तर तेवढंच. त्यात “आठवणी – भाग ७” दिसलं तर भाग एक ते सहा न वाचलेला माणूस आत कशाला येईल? “सोनं तारण ठेवताना बायका बांगडी का पुसायच्या” असं दिसलं तर येईल. शीर्षकात वस्तू, माणूस किंवा ठिकाण यांपैकी एक तरी हवंच. खालच्या दोन ओळी स्वतः लिहून भरा. रिकाम्या सोडल्या तर लेखाची पहिली ओळ तिथे जाते, आणि तुमच्याकडे साठपैकी चाळीस लेखांत ती “नमस्कार मित्रांनो” आहे.

लेखाचा पत्ता मात्र रोमन अक्षरांत, दोन-तीन शब्दांचा ठेवा. मराठीत ठेवायला माझी तत्त्वतः हरकत नाही, उलट आनंदच आहे. पण संदेशात चिकटवताना देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह टक्क्यांच्या खुणा, आकडे आणि रोमन अक्षरं मिळून नऊ जागा घेतं. “कोल्हापूर” या एका शब्दाची एक्क्याऐंशी चिन्हांची माळ होते. लोकांना वाटतं हा काहीतरी फसवणुकीचा मेसेज आहे, आणि लिंक उघडतच नाहीत. जुन्या लेखांचे पत्ते बदललेत तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वाट लावून द्यायला विसरू नका. आधी पाठवलेल्या लिंका कुणाकुणाच्या फोनमध्ये असतात.

तारीख. हे नवीन थीमवाल्यांनी काढून टाकलंय, लेख शिळा वाटू नये म्हणून, आणि मला याचा खरंच राग येतो. ब्लॉग शब्द “वेबलॉग”पासून आला, तो जॉर्न बार्गर यांनी १९९७ मध्ये वापरात आणला. त्यातला लॉग म्हणजे जहाजावरची नोंदवही, जिच्यात तारीख आणि वेळ याशिवाय नोंदच होत नाही. तुमच्या एका लेखात आहे, “काल रात्री पाणी जामदार क्लबपर्यंत आलं, राजाराम बंधाऱ्यावर एक्केचाळीस फूट.” पंचगंगेची इशारा पातळी एकोणचाळीस फूट, धोका त्रेचाळीस, हे कोल्हापुरातल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे, त्यामुळे त्या रात्री घरात काय चाललं असेल ते लगेच कळतं. पण कुठल्या वर्षीचं पाणी? २०१९ चं? २०२१ चं? की मधल्या एखाद्या साध्या पावसाळ्यातलं? लेखावर तारीख नाही. दहा वर्षांनी कुणी अभ्यासक तुमच्या गल्लीत पाणी कधी कुठवर आलं हे शोधत आला, तर तुमची नोंद त्याच्या काहीच कामाची नाही. शीर्षकाखाली पूर्ण तारीख द्या, आणि नंतर दुरुस्ती केलीत तर तीही तारखेसह.

पण तारखेच्याच क्रमाने सगळं मांडायचं, ही सवय जिथली तिथे सोडा. ब्लॉगर १९९९ मध्ये आलं, वर्डप्रेस २००३ मध्ये, आणि तेव्हापासून नवीन लेख वर, जुना खाली, हाच साचा चालत आला. रोज येणाऱ्या वाचकासाठी तो ठीक होता. तुमच्याकडे रोज येणारे किती? तुमचा सर्वांत चांगला लेख, तो सोनेतारणाचा, एकोणिसाव्या क्रमांकावर आहे आणि त्याच्यावर एक्केचाळीस लेखांचा ढीग आहे. मुखपृष्ठावर स्वतः निवडलेले सात-आठ लेख लावा, प्रत्येकाखाली एक वाक्य. सगळ्या लेखांची साधी यादी एका वेगळ्या पानावर, वर्षवार. आणि प्रत्येक लेखाच्या शेवटी दोन लेख हाताने जोडा. आपोआप येणाऱ्या “संबंधित लेख” चौकटीने तुमच्या सोनेतारणाखाली “सोनेरी सकाळ” ही कविता लावलीय. तिथे चंदगडच्या शाखेतल्या पहिल्या पावसाळ्याचा लेख हवा. एक लेख वाचून लोक निघून जातात म्हणालात ना, त्याचं मोठं कारण हे आहे. खोलीतून पुढच्या खोलीत जायला वाटच नाही.

विषयांचे टॅग त्रेचाळीस आहेत, त्यातल्या तीसांत एकेकच लेख. पाच ठेवा. बँकेतले दिवस, घर, पूर, भटकंती, पुस्तकं. साइडबार, म्हणजे लेखाच्या बाजूची पट्टी, पूर्ण काढा, फोनवर तो तसाही लेखाच्या खाली जाऊन पडतो आणि कुणी बघत नाही. भेट देणाऱ्यांचा आकडा दाखवणारं यंत्र, हवामान, घड्याळ, सगळं जाऊ द्या.

“माझ्याविषयी” हे पान मात्र मन लावून लिहा. ज्याला लेख आवडला तो पुढे तिथेच जातो. आत्ता तिथे “मी एक सामान्य माणूस, लेखनाची आवड” एवढंच आहे. कुठल्या वर्षांत, कुठल्या कुठल्या गावांच्या शाखांत काम केलंत, कशावर लिहिता, कशावर लिहित नाही, आणि वाचणाऱ्याला लिहायचं असेल तर ईमेल, एवढं दीडशे शब्दांत बसतं. फोटो टाय लावलेला पासपोर्टचा नको. जो तुमच्या बहिणीला आवडतो तो लावा. घराचा पत्ता, नातवंडांची शाळा असलं काही लिहू नका. आणि ज्या खातेदारांबद्दल लिहिता त्यांची नावं, गावं बदला. तुमच्या एका लेखात कर्ज थकलेल्या माणसाचं खरं नाव वाटावं असं काही आहे. तो लेख आजच खाली घ्या, नाव बदलून परत लावा.

किती वेळा लिहावं, असं पुढे विचारालच. महिन्यातून दोन लेख भरपूर झाले, पण ठरलेल्या दिवशी. बाजाराचा वार जसा ठरलेला असतो तसा. आणि लेख लिहून झाला की दोन दिवस ठेवा, मग मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य लांबलंय. लेखाची लांबी किती, यावर मी कुणाशीच वाद घालत नाही. तुमचा बांगडीचा लेख अठराशे शब्दांचा आहे आणि तो मी बसमध्ये उभ्याने वाचला असता.

एक जपणुकीची गोष्ट. माझ्या एका ग्राहकाने आठ वर्षांचं लेखन एका होस्टिंग कंपनीकडे, म्हणजे वेबसाइटला इंटरनेटवर जागा भाड्याने देणाऱ्यांकडे, ठेवलं होतं. नूतनीकरणाची ईमेल जुन्या पत्त्यावर जात राहिली, आणि एक दिवस सगळं पुसलं गेलं. प्रत होती, पण ती शाहूपुरीतल्या तळमजल्यावरच्या संगणकात, आणि तो संगणक २०१९ च्या पुरात तीन दिवस पाण्याखाली होता. शेवटी त्यांच्या पत्नीने आवडलेले लेख छापून एका फाइलीत लावून ठेवले होते, तेवढे बावीस मिळाले. ते मी परत टाइप केले. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगते: डोमेन, म्हणजे ब्लॉगचा इंटरनेटवरचा पत्ता, स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर घ्या, डिझायनरच्या नाही. दर तीन महिन्यांनी सगळा मजकूर निर्यात करून एक प्रत घरी आणि एक दुसऱ्या गावच्या कुणाकडे तरी ठेवा. जुन्या फॉन्टांत टाइप केलेलं काही पडून असेल तर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांवर वाचता येणाऱ्या सामायिक पद्धतीत, आणा. नाहीतर फाइल राहते आणि आत नुसती खुणांची रांगोळी दिसते.

आता बारा हजार. घालू नका. वर सांगितलेल्यातल्या तांत्रिक गोष्टी, म्हणजे अक्षराचं माप, ओळींचं अंतर, शीर्षकाची रेघ, रंग, भाषेची नोंद, हे जाणत्या मुलाचं एका दुपारचं काम आहे. तुमच्याच गल्लीत इंजिनिअरिंगचा एखादा विद्यार्थी सापडेल, त्याला ही यादी द्या आणि कामाचे पैसे नीट द्या. डोमेनचं नूतनीकरण एकदम पाच वर्षांचं करून टाका. उरलेल्या पैशांतून एकदा चंदगडला जाऊन या, त्या जुन्या शाखेत, आणि दागिने सोडवायला येणारी रांग आता कुठे लागते ते बघून लिहा. लिहिलंत की लिंक मला पाठवा. बसमध्येच उघडेन.